छताला लागलेली धूळ

लॉगबुकात तू लिहिलंस, टोकेकर,
निळ्या शाईत, तिरकं, घाईघाईनं:
लोकल फ्लाइट. पंचावन्न मिनिटं. सर्व ठीक.

वाचलं. मग विमानाकडे गेलो.

कधी कोणी न झाडलेली कॉकपिटची जमीन
आज लख्ख.
पायांखालची सगळी धूळ वर, छताच्या कापडात.
कोणाच्या तरी खिशातलं दोनाचं नाणं
मागच्या फळीवर पालथं.
आणि मार्चपासून हरवलेला माझा छोटा स्क्रू-ड्रायव्हर
मागच्या काचेपाशी सापडला.
आनंद व्हायला हवा होता.

बॅटरीच्या झाकणाला आतून आम्लाचे ठिपके.
गायरो अजून कलंडलेला,
क्षितिज कुठे, विचारलं तर दारूड्यासारखा
भलतीकडेच बोट दाखवत होता.

तुला बोलावलं. तू हसलास.
"काका, एकच घेतला. यशवंत सागरावर. उंची भरपूर होती."
मोबाइलवर दाखवलंस:
तलाव आधी खाली, मग डोक्यावर, मग पुन्हा खाली,
आणि तुझ्या आरोळीत
इंजिन दीड सेकंद गप्प झालं,
ते तुला ऐकूच आलं नव्हतं.
मला तेवढंच ऐकू आलं.

उंची भरपूर होती, मान्य.
उंचीचं कोण बोलतंय?

हे कोलांट्यांचं विमान नाही रे.
शिकवणीला जाणाऱ्या मास्तरांच्या सायकलसारखं आहे हे,
सरळ जायचं, बेतानं वळायचं, दिवेलागणीला परत.
समोरची सूचनेची पट्टी तीस वर्षं बोटं लागून
अर्धी पुसली गेली,
तरी "मनाई" शाबूत आहे.

लाकूड निदान करकरतं.
अॅल्युमिनियम बोलत नाही.
भावानं एकदा रागात आईचं पातेलं आपटलं,
मल्हारगंजातून ठोकून आणलं, अगदी नव्यासारखं.
सहा महिन्यांनी उकळती आमटी गळाली,
नेमकी तिथूनच, आईच्या पायावर.
भाऊ तेव्हा बडोद्याला होता, नोकरीत.

टॉर्च आडवा धरला.
डाव्या पंखाच्या मुळाशी,
जिथे पंख अंगाला भेटतो तिथे,
एक सुरकुती.
विचार करताना कपाळावर पडते तेवढीच.
शेजारच्या तीन रिव्हेटांच्या डोळ्यांतून
काजळ ओघळलेलं.

चौऱ्याण्णव साली अशीच एक
मी उन्हाची तिरीप समजलो होतो.
सही केली होती.
हातोदच्या रस्त्याला एक हरभऱ्याचं शेत लागतं,
तिथे मी आजही स्कूटर जोरात काढतो.

उद्याचा फळा बघ.
साडेसात. चांदोरकर, मृण्मयी. एकटी.
हाताखाली एकूण एकोणीस तास,
वजन सेहेचाळीस किलो,
बाहेरचं दिसावं म्हणून खुर्चीत दोन उशा लागतात तिला.
तू घेतलास तो एक.
फेडायला ती बसणार होती.

"बोट फिरव," म्हटलं.
फिरवलंस.
सुरकुतीपाशी थांबलं, मागे आलं, पुन्हा गेलं.
बिजासनच्या टेकडीवर आरतीची घंटा सुरू झाली, संपली,
तरी तू पंखाखाली वाकलेलाच.
रागवायचं मी ठरवून आलो होतो.
राहून गेलं.

लाल चिठ्ठी बांधली, दोन गाठी मारून.

सकाळी पोरगी आली,
केस घट्ट आवळलेले, बूट पुसलेले.
चिठ्ठी पाहिली आणि भडकली:
"काका, नेमकं माझ्याच दिवशी तुम्हाला काहीतरी सापडतं!"

कारण सांगितलं नाही.
फणकाऱ्यानं निघाली, सिमेंटवरून पाय आपटत,
धप्, धप्, धप्,
थेट फाटकापर्यंत.
चहावर साय धरली,
मी ऐकत होतो.